न छेडलेला गंधार

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

‘बाई, पुस्तकाची दोन पानं होत नाहीत तोवर हात फोनकडे जातो. माझ्यातच काहीतरी कमी आहे.’ तुझ्या पत्रातली ही ओळ मी तीन-चारदा वाचली. तुझ्यात काही कमी नाही, हे आधी सांगते.

स्किनर नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर प्रयोग केले होते. चोच मारली की दरवेळी दाणा मिळतो अशी सवय लागलेलं कबुतर, दाणे बंद झाले की लवकर नाद सोडतं. पण कधी दाणा मिळतो, कधी नाही, असं असलं की ते चोच मारतच राहतं. तुझ्या हातातला पडदा याच हिशेबाने चालतो. कितीही खाली सरकवा, मजकूर संपत नाही, ही सोय अझा रास्किन या तंत्रज्ञांनी २००६ साली तयार केली आणि पुढे त्यांनाच तिचा जाहीर पश्चात्ताप झाला. पान संपलं की माणूस जरा थबकतो, पुढचं उलटू की नको, असं त्याच्या मनात येतं. ते थबकणंच काढून घेतलंय. तेव्हा स्वतःला कमकुवत म्हणणं आधी सोड.

अर्थात, सगळं खापर यंत्रावर फोडूनही भागत नाही. मन वाऱ्यासारखं आहे, आवरत नाही, ही अर्जुनाची तक्रार गीतेच्या सहाव्या अध्यायात आहे. कृष्ण त्याला रागावत नाही. ‘असंशयम्’, यात शंकाच नाही, असं म्हणूनच तो उत्तराला सुरुवात करतो आणि मग अभ्यास, म्हणजे पुन्हा पुन्हा करत राहणं, व वैराग्य सांगतो. वैराग्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. मी आयुष्यभर अभ्यासच शिकवला, त्याबद्दल लिहिते.

आपला मिरजेचा तानपुरा आठव. तू नवी होतीस तेव्हा तो जुळवण्यातच अर्धा तास जायचा आणि तुझा चेहरा उतरायचा. पंचमाची तार लागली की मधल्या दोन तारांचा जोड उतरलेला, जोड लावेपर्यंत शेवटची जाड तार, खर्ज, सरकलेला. मग मणी हलवायचे, घोडीवर तारेखालचं सूत केसभर पुढे, केसभर मागे. आणि मध्येच कधीतरी जवारी खुलायची, तारेचा नाद भरून गुंजायला लागायचा. एका संध्याकाळी तू दचकून डोळे उघडलेस आणि विचारलंस, “बाई, गंधार कोण लावतंय?” चार तारांत गंधाराची, म्हणजे ‘ग’ या स्वराची, तार नव्हतीच. खर्ज नेमका लागला की त्याच्या पोटातून तो उमटतो, म्हणून त्याला स्वयंभू म्हणतात. तो बोटाने छेडता येत नाही. जुळवायचं, आणि ऐकत बसायचं.

मनातलं आपलं स्वतःचं जे असतं, तेही मला असंच उमटताना दिसलंय. सिनेमा पाहून तू बाहेर पडतेस आणि जिना उतरता उतरताच लोकांचे शेरे वाचायला लागतेस. तुला तो आवडला होता का? मला वाटतं, ते तुलाही नंतर सांगता येत नसेल. लोकांची मतं वाईट असतात असं नाही. ती आधी येतात, एवढंच. आजच्या जगाने आपला वेळ घेतला याचं मला तितकं दुःख नाही, वेळ पूर्वीही वाया जायचा. घरातल्या ओसरीवर आणि एसटीच्या थांब्यावर मिळायची ती रिकामी जागा गेली, याचं आहे.

आणि रिकामं बसलं की आधी गंधार येत नाही, हेही सांगायला हवं. आधी येतो कंटाळा. मग राहिलेली कामं, मग कुणाचं तरी लागलेलं बोलणं, मग भीती. माझी आई गेली त्या वर्षी मी सकाळपासून रात्रीपर्यंत टीव्ही चालू ठेवायचे. बघत काहीच नव्हते. घर गप्प झालं की तिचा खोकला ऐकू येईल, असं वाटायचं. एके दिवशी वीज गेली आणि खरंच मला तो आठवला. खूप रडले. त्यानंतर कितीतरी दिवसांनी नीट झोप लागली. तुझा हात फोनकडे जातो तो दरवेळी करमणुकीसाठी जातो, असं मला वाटत नाही. कशापासून तरी तो तुला लांब नेत असेल. कशापासून, ते मला लिहू नकोस हवं तर, पण बघ.

फोन फेकून दे असं मी सांगणार नाही, तुझी नोकरी त्याच्यावर आहे. रोज वीस मिनिटं तो दुसऱ्या खोलीत ठेव. फोनवरचा तानपुराही नको, त्याला जुळवावं लागत नाही आणि मध्येच कुणाचा तरी निरोप वाजतो. त्या वीस मिनिटांत ध्यान, श्वास, काही करू नकोस. खिडकीशी बस. पहिले आठ-दहा दिवस अगदी नकोसे जातील, तेव्हा मला फोन कर.

खर्जाची तार गेल्या आठवड्यात तुटली. मिरजेहून नवी मागवली आहे. नवी तार दोन-तीन दिवस सारखी उतरत राहते, म्हणून दिवाळीला येशील तेव्हा जरा लवकर ये. आपण दोघी मिळून लावू.

तुझ्या,
बाई