निवृत्तीनंतर आर.व्ही.मध्ये राहणाऱ्या जोडप्याचा रोजचा दिवस कसा असतो?

दोघेही साठीपुढचे असताना अमेरिकेत आर.व्ही., म्हणजे आतच राहण्याची सोय असलेली मोठी गाडी, घेऊन महिनोन्महिने फिरायचे, तर रोजचे जगणे कसे असते आणि एवढ्याशा जागेत एकमेकांचा कंटाळा येत नाही का, असे आपण विचारले आहे. मी आणि माझे यजमान गेली चार वर्षे एप्रिल ते ऑक्टोबर २४ फुटी गाडीत राहतो आणि हिवाळ्यात न्यू जर्सीला मुलीच्या शेजारी परततो, तेव्हा अनुभवावरून लिहिते.

सकाळी उठल्यावर मी प्रथम दाराजवळच्या फलकावर टाक्यांचे दिवे पाहते: वापरायचे पाणी किती उरले, स्वयंपाकघर-न्हाणीचे सांडपाणी किती साठले आणि शौचालयाची टाकी, जिला सगळे ब्लॅक टँक म्हणतात, कुठवर आली. (तिसरा दिवा बहुधा खोटे सांगतो, कारण कागदाचा तुकडा आत चिकटला तरी टाकी भरलेली दिसते.) आमच्या पाण्याच्या टाकीत सुमारे १५० लिटर पाणी मावते. अमेरिकेतल्या साध्या शॉवरमधून मिनिटाला नऊ लिटरपर्यंत पाणी जाते हे लक्षात घेतले, तर घरच्यासारखी सावकाश अंघोळ येथे परवडणारी नाही हे कळेल. माझे बालपण पुण्यात, सकाळी तासभरच नळ येणाऱ्या वाड्यात गेले, त्यामुळे मी पहिल्याच आठवड्यात बादली आणि तांब्या विकत आणला. शेजारच्या गाड्यांतली मंडळी दोन दिवसांत टाकी रिकामी करतात, तेथे आमची चार-पाच दिवस पुरते.

ब्लॅक टँक रिकामी करणे हे काम यजमानांचे आहे आणि त्याबद्दल मी त्यांची कायम ऋणी आहे. पहिल्या वर्षी, मलनिस्सारणाची सोय असलेल्या जागी उतरलो असता, त्यांनी टाकीची झडप सोयीसाठी उघडीच ठेवली; परिणामी पाणी वाहून गेले, उरलेले तळाशी बसून घट्ट झाले आणि पुढचे तीन दिवस कसे गेले ते न सांगितलेलेच बरे. झडप बंद ठेवावी, टाकी निदान दोन-तृतीयांश भरू द्यावी, हातमोजे घालून आधी ती आणि मग सांडपाण्याची टाकी सोडावी, म्हणजे साबणाच्या पाण्याने नळी आपोआप धुतली जाते.

स्वयंपाक मी प्रोपेन गॅसवर करते. फोडणी मात्र बाहेर, छपराच्या कनातीखाली छोट्या शेगडीवर, कारण आत मोहरी तडतडली की धुराचा गजर वाजतो आणि हिंगाचा वास अंथरुणाला आठवडाभर सोडत नाही. कोलोरॅडोत लेडव्हिल येथे, सुमारे १०,००० फूट उंचीवर, पाणी ९० अंश सेल्सिअसच्या आसपासच उकळते. तेथे पातेल्यात डाळ शिजत नाही, म्हणून कुकर सोबत हवाच. विजेचेही गणित आहे. ३० अँपिअरच्या जोडणीवर एकूण ३,६०० वॅट मिळतात, त्यात वातानुकूलन, विजेवरचा गीझर आणि मायक्रोवेव्ह एकाच वेळी चालवले की खटका पडतो.

गाडी आम्ही आळीपाळीने चालवतो, दिवसाला तीनशे किलोमीटरच्या वर जात नाही आणि दुपारी तीनच्या आत मुक्कामी पोहोचतो. गाडी मागे घेताना मात्र आमच्यात जेवढी भांडणे झाली तेवढी चाळीस वर्षांच्या संसारात झाली नसतील. आता बाहेर उभ्या माणसाने ‘थांबा’, ‘डावीकडे’, ‘उजवीकडे’ एवढेच म्हणायचे आणि आत बसलेल्याने उलट उत्तर द्यायचे नाही, असे ठरले आहे.

खर्चाबाबत दोन गोष्टी आवर्जून सांगते. ६२ वर्षे पूर्ण झालेल्या नागरिकांना, आणि ग्रीनकार्डधारकांनाही, राष्ट्रीय उद्यानांचा आजीव पास ८० डॉलरना मिळतो, व त्यावर गाडी लावून राहण्याच्या अनेक सरकारी जागांचे भाडे निम्मे होते. दुसरे म्हणजे, मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्यविमा, निवडताना फिरस्तीचा विचार करावा: मूळ मेडिकेअर ते स्वीकारणाऱ्या देशभरातील डॉक्टरांकडे चालते, परंतु त्याऐवजी खासगी कंपन्यांकडून घेता येणाऱ्या ॲडव्हांटेज योजना बहुधा ठरावीक भागातल्या डॉक्टरांपुरत्या मर्यादित असतात, आणि मधुमेहाच्या माणसाला हे दूरच्या मोंटाना राज्यात पोहोचल्यावर कळणे बरे नव्हे.

राहिला कंटाळ्याचा प्रश्न. येतो. जागा दोनशे चौरस फुटांहूनही कमी आहे, आणि यजमानांना बातम्या मोठ्याने ऐकण्याची सवय आहे. म्हणून सकाळचा फेरफटका आम्ही वेगवेगळ्या दिशांना मारतो, आणि दुपारी दोन ते चार एकाने आत, तर दुसऱ्याने बाहेर खुर्ची टाकून बसायचे असते. पाऊस असेल तर बाहेरच्याने चालकाच्या आसनावर बसायचे, आणि मधला पडदा ओढून घ्यायचा.