चहाच्या घरात कॉफी

प्रश्न : मडिकेरीहून फिल्टर कॉफीची पूड आणली, पण घरी फिल्टर नाही. चहासारखी दुधात उकळली तर कडू होते आणि कपाच्या तळाशी गाळ उरतो. चहाच्या गाळणीवर भागेल का? (फोंडा)

उत्तर : नाही भागणार. गाळणीची जाळी चहापत्तीच्या मापाची. ही पूड तिच्यातून सरळ खाली उतरते. आणि उकळणं आधी बंद करा, कडवटपणा तिथूनच येतो.

एक उंच स्टीलचा पेला आणि पांढऱ्या मलमलचा वीतभर तुकडा घ्या. कापड नवं असेल तर दहा मिनिटं पाण्यात उकळा, नाहीतर खळीची चव कॉफीत उतरेल. दुहेरी करून पेल्याच्या तोंडावर टाका, मधे दोन इंच खोल झोळी सोडा आणि काठाला रबर बांधा. झोळीत चार सपाट टेबलचमचे, म्हणजे साधारण २० ग्रॅम पूड. पाण्याला उकळी आली की गॅस बंद करून अर्धा मिनिट थांबा. आधी ४० मिली पाणी ओता. पूड फुगू द्या. अर्ध्या मिनिटाने उरलेलं ८० मिली तीन-चार वेळा थोडं थोडं ओता. पूड आपल्या वजनाच्या दुपटीएवढं पाणी धरून ठेवते, तेव्हा हातात ८० मिलीच डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा दाट अर्क, येईल. दोन कपांना पुरे. कपाला १०० मिली गरम दूध.

थेंब मधेच अडले तर दोन गोष्टी बघा. झोळीचं बूड खालच्या डिकॉक्शनला टेकलं असेल, तर झोळी वर ओढा. तसं नसेल, तर ओलं कापड काठाला चिकटून आतली हवा कोंडली आहे. माडाचा एक स्वच्छ हीर कापडाखाली काठावर सरकवा, लगेच गळायला लागतं. उलट धारच लागली तर कापड विरळ आहे, आणखी एक घडी घाला.

कापडाला साबण लावू नका. धुऊन, वाटीभर पाण्यात बुडवून फ्रिजमध्ये ठेवा, पाणी रोज बदला. आपल्याकडे पावसाळ्यात ते दोरीवर वाळत नाही, कुबट होतं, आणि तो वास पहिल्याच घोटाला कळतो.

पाकिटावरची चिकोरीची, म्हणजे कॉफीत मिसळलेल्या भाजक्या मुळाच्या पुडीची, टक्केवारीही वाचा. कायद्याने ती ४९ टक्क्यांपर्यंत चालते. चिकोरी जास्त तितका रंग काळा आणि गळणं सावकाश. त्याला कॉफीचा दम समजू नका.

प्रश्न : अख्ख्या बिया मिक्सरमध्ये दळल्या तर? (म्हापसा)

उत्तर : चालेल, फक्त चटणीच्या लहान भांड्यात. आधी चमचाभर कोरडे तांदूळ फिरवून टाकून द्या, म्हणजे मसाल्याचा वास जाईल. मग दोन-दोन सेकंदांचे आठ-दहा झटके, मधे भांडं हलवत. सलग फिरवलं तर पूड तापून सुगंध उडतो. बारीक रव्याइतकं झालं की थांबा आणि मैद्याच्या चाळणीने चाळा. खाली पडणारं पीठ कापडाची भोकं बुजवतं, ते झाडांना घाला.

प्रश्न : कुकरच्या शिट्टीच्या जागी नळी लावून वाफेने दूध फेसाळता येईल का? (मडगाव)

उत्तर : लावू नका. वाफेला बाहेर पडायची मुख्य वाट तीच. नळी दुमडली की दाब आत कोंडतो, निसटली की हात भाजतो. फेसासाठी दोन पेले घ्या आणि हातभर उंचीवरून चार-पाच वेळा दूध इकडून तिकडे ओता. साय मात्र आधी काढा, ती फेस बसवते.