मार्चमध्ये कर्नाळ्याला पहिल्यांदाच पक्षी बघायला जातोय. दुर्बीण कोणती घेऊ आणि काय काय दिसेल?

तिबोटी खंड्याचे फोटो बघून निघाला असाल तर बेत जूनवर टाका. तो पावसाच्या तोंडावर येतो, मार्चमध्ये नाही दिसायचा. मार्च फुलोऱ्याचा.

दुर्बीण ८×४२, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची. दहापटीच्या मोहात पडू नका. हाताचा कंप तेवढाच वाढतो आणि दिसणारा भाग अरुंद होतो, मग दाट पानोळ्यात पक्षी सापडतच नाही. घरीच जुळवून न्या: उजवा डोळा मिटून मधल्या चाकाने एखादी पाटी स्पष्ट करा, मग डावा मिटून फक्त उजव्या भिंगाची कडी फिरवा. ती खूण लक्षात ठेवा, नंतर मधलं चाकच फिरवायचं. चष्मा असेल तर डोळ्याकडचे रबरी कप आत दाबा किंवा दुमडा. पक्षी दिसला की नजर त्याच्यावरून हलवू नका, दुर्बीण डोळ्यांपर्यंत आणा. नवखे नेमके इथेच चुकतात. खाली बघून दुर्बीण उचलतात, तोवर फांदी हरवते.

सूर्योदय पावणेसातच्या आसपास. सव्वासात ते साडेनऊ हाच खरा वेळ. गेट कधी उघडतं ते आदल्या दिवशी विचारून घ्या, आणि शक्यतो रविवार टाळा. अभयारण्य महामार्गाला लागूनच आहे, त्यामुळे सुरुवातीला गाड्यांच्या आवाजात काही ऐकू येत नाही. तो टप्पा भरभर ओलांडा.

पुढे मात्र चालणं कमी करा. पांगारा किंवा काटेसावर फुललेली दिसली की वीस मिनिटं तिथेच. मधासाठी कोतवाल, बुलबुल, मैना, हरेवा, शिंजीर सगळे येतात. उभं राहायचं झाडाच्या पूर्वेला, नाहीतर उन्हाविरुद्ध सगळेच काळे दिसतात. पिकलेला उंबर मिळाला तर तांबट आणि हरियाल. एकदम चारपाच जातींची किलबिल आली तर तो मिश्र थवा: निखार, नाचण, सुभग, शिलींध्री एकत्र किडे टिपत पुढे सरकतात. त्यांच्यामागे धावू नका, ते जातायत त्या दिशेला थोडं पुढे जाऊन थांबा.

आवाजावरून पक्षी ओळखणारं मर्लिन ॲप चालेल, पण भृंगराज इतर पक्ष्यांच्या, अगदी शिकऱ्याच्याही, नकला करतो आणि ॲप हमखास फसतं. दिसल्याशिवाय नोंद करू नका. आवाज वाजवून पक्षी बोलावणं तर अजिबात नको. विणीचा काळ सुरू होतोय, नर घरटं सोडून भांडायला येतो.

पूर्ण बाह्यांचा मळकट रंगाचा शर्ट घाला. खाजकुइलीच्या शेंगा वाळलेल्या असतात; कुसं लागली तर चोळू नका, चिकटपट्टी लावून उपटा. वर किल्ल्याच्या सुळक्याला आग्या मोहोळं असतात, तेव्हा अत्तर आणि सिगारेट दोन्ही घरीच ठेवा. पाणी माणशी दोन लिटर.