मोडी शिकताय? आधी एवढंच करा

नोकरी सांभाळून मोडी, म्हणजे जुन्या मराठी कागदपत्रांची लिपी, जमेल का, असं विचारलंत. जमेल हो! फक्त रविवारी तीन तास बसण्यापेक्षा रोज वीस मिनिटं द्या. आठवडाभर खंड पडला की अक्षरं पुन्हा अनोळखी वाटतात.

- आधी कागदभर आडवी रेघ ओढा, मग तिला अक्षरं लटकवत चला, हात शक्यतो न उचलता. नुसत्या डोळ्यांनी मोडी येत नाही.
- अक्षरांचा तक्ता समोर ठेवून उतरवू नका. झाकून लिहा, मग ताडून पाहा. चुकलेली अक्षरं दुसऱ्या दिवशी पहिली.
- बाराखडी टाळू नका. काना-उकार लागला की काही अक्षरांचं रूपच पालटतं. मी मूळाक्षरांवरच खूश होतो, आणि पहिल्याच कागदात 'र'ने मला दमवलं.

बहुतेक जण घाई करतात ती शिवकालीन पत्रांची. आधी छापील मोडी वाचा, मग पेशवेकालीन. जुन्या पत्रांत शब्द सुटे नसतात, विरामचिन्हं नाहीत, 'दिन' आणि 'दीन' सारखेच दिसतात, संदर्भाने लावायचं. त्या पत्रांतली जुनी कालगणना, शब्दांचे संक्षेप सध्या राहू द्या. आणि मोडीच्या पीडीएफ साठवणं थांबवा बरं, माझ्याकडेही न उघडलेल्या ढीगभर पडल्यात.