रिपोर्ट नॉर्मल आला, मग गोळी का थांबवायची नाही?

कोलेस्टेरॉल वाढल्याचे कळल्यावर माझ्याकडे आहाराच्या सल्ल्यासाठी येणारी बहुतेक माणसे एकच चिंता निरनिराळ्या शब्दांत मांडतात. गोळी एकदा सुरू केली की ती जन्मभर सुटत नाही, मग कडक पथ्य पाळून ती टाळलेली बरी नव्हे का, किंवा रिपोर्ट चांगला आल्यावर तरी ती बंद करायला काय हरकत आहे, असे ते विचारतात. याचे उत्तर सर्वांना सारखे लागू होत नाही. ते कशावर ठरते हे ज्या एका प्रकरणात मला सविस्तर समजावून सांगावे लागले, ते ओळख पटणार नाही एवढे तपशील बदलून येथे मांडते आहे.

औसा तालुक्यात राहणारे, जिल्हा परिषदेच्या शाळेतून विज्ञानाचे शिक्षक म्हणून निवृत्त झालेले ५९ वर्षांचे गुरुजी पत्नीसह लातूरला आले होते. त्यांना काही वर्षांपासून मधुमेह होता, दिवसातून पाचसहा वेळा तंबाखू मळण्याची जुनी सवय होती आणि धाकट्या भावाला ४९ व्या वर्षी हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता. पहिल्या तपासणीत एकूण कोलेस्टेरॉल २४६, एलडीएल (धमन्यांत साचणारे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल) १६८, एचडीएल (‘चांगले’ कोलेस्टेरॉल) ३६ आणि ट्रायग्लिसराइड (रक्तातली एक चरबी) २१० आले. डॉक्टरांनी अ‍ॅटोरव्हास्टॅटिन २० मिलिग्रॅमची गोळी सुरू केली आणि तीन महिन्यांनी एलडीएल ८८ वर उतरले. ‘रिपोर्ट चांगला आला की ओ मॅडम, मग गोळी कशाला खायची?’ असे काकूंनी मला विचारले, आणि घरात हाच विचार होऊन गोळी कोणालाही न विचारता बंद झाली होती. पुढच्या तपासणीत एलडीएल पुन्हा १५९ निघाले. गुरुजी खरे तर दुखावलेले होते, कारण या काळात त्यांनी जेवणात तूप, अंड्याचा बलक आणि शेंगदाण्याची चटणी यांना हातही लावला नव्हता. शरीराला गोळीची सवय लागली आणि म्हणूनच ती सोडताच कोलेस्टेरॉल उसळले, अशी त्यांची समजूत झाली होती.

ही समजूत आधी दूर करणे आवश्यक होते. रक्तातले बहुतांश कोलेस्टेरॉल आपण खात नाही, ते शरीर स्वतः तयार करते आणि त्या कामात यकृताचा वाटा मोठा असतो. गुरुजींची गोळी ज्या स्टॅटिन गटातली आहे, त्यातली औषधे यकृतातील एका विकराला (एन्झाइमला) अडवतात. त्यामुळे तेथील उत्पादन घटते, यकृताच्या पेशी आपल्या पृष्ठभागावरचे ग्राहक (रिसेप्टर, म्हणजे एलडीएलला पकडणारे रेणू) वाढवतात आणि त्यांच्या साहाय्याने रक्तातले एलडीएल ओढून घेतात. या ग्राहकांचा शोध मायकेल ब्राऊन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांनी लावला आणि त्यांना १९८५ चे नोबेल पारितोषिक मिळाले, हे सांगितल्यावर गुरुजींमधला शिक्षक जागा झाला आणि पुढचे प्रश्न तेच विचारू लागले. औषध शरीरात आहे तोवरच विकर अडलेले राहते. औषध थांबले की काही आठवड्यांत यकृत पूर्वीच्या गतीने काम करू लागते आणि आकडा मूळ जागी परततो. तो १६८ च्या पुढे गेला नव्हता, किंचित खालीच होता. सवय लागून उसळी घेतली असती, तर असे दिसले नसते. म्हणजे ८८ हा आकडा आजार बरा झाल्याचा दाखला नव्हता. गोळी आपले काम करते आहे, एवढाच त्याचा अर्थ होता.

गोळी द्यायची की नाही, हा निर्णय केवळ एलडीएलच्या आकड्यावर होत नाही, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते आणि नेमके तेच रुग्णांना सहसा कोणी सांगत नाही. मधुमेह, उच्च रक्तदाब किंवा तंबाखू यांपैकी काहीही नसलेल्या तिशीतल्या माणसाचे एलडीएल १६८ निघाले, तर डॉक्टर बहुधा आधी काही महिने आहार आणि व्यायामाला देतील आणि मग पुन्हा तपासतील. तोच आकडा गुरुजींच्या रक्तात वेगळा ठरतो. त्यांच्यासारख्या जास्त जोखमीच्या व्यक्तीचे एलडीएल ७० च्या खाली ठेवावे, असे सध्याच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. एलडीएल सुमारे ३९ अंकांनी उतरले, तर हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात यांसारख्या मोठ्या घटना साधारण एक पंचमांशाने कमी होतात, हे स्टॅटिनच्या मोठ्या चाचण्यांमधून पुन्हा पुन्हा दिसले आहे. ज्याची मुळातली जोखीम जास्त, त्याला या घटीचा लाभही जास्त. गुरुजींचा मधुमेह आणि भावाचा इतिहास नॉर्मल रिपोर्टने पुसला जाणार नव्हता, त्यामुळे गोळीचे कारणही संपलेले नव्हते.

पथ्याचा भाग मात्र खोलात जाऊन पाहावा लागला. काटेकोर पथ्य पाळूनही एलडीएल केवळ नऊ अंकांनी खाली का, हे मी त्यांच्या दिवसभराच्या खाण्याची नोंद करून घेतल्यावर कळले. वरणावरचे चमचाभर तूप गेले होते, परंतु म्हशीच्या सायीसकट दुधाचा चहा दिवसातून चार वेळा होत होता आणि त्यातल्या दोन वेळी सोबत खारी किंवा टोस्ट असे. संध्याकाळी स्टँडवर मित्रांबरोबर भजी होत, घरी पाकिटातला फरसाण होता आणि स्वस्त पडते म्हणून पामतेलाचा डबा आणलेला होता. डब्यावर कोलेस्टेरॉल नसल्याचे छापले होते, याचा काकूंनी मोठा आधार घेतला होता. वास्तविक कोणत्याच वनस्पतिजन्य तेलात सांगण्यासारखे कोलेस्टेरॉल नसते. रक्तातले एलडीएल वाढवण्यात अधिक हात संपृक्त स्निग्धाचा (सॅच्युरेटेड फॅटचा) असतो. पामतेलात ते जवळपास निम्मे असते, शेंगदाणा तेलात सुमारे एक पंचमांश आणि करडईच्या तेलात दहा टक्क्यांहूनही कमी. खारी, टोस्ट आणि फरसाण यांत पूर्वी वनस्पती तुपातून ट्रान्स फॅट हे हृदयाला अपायकारक स्निग्धही भरपूर येत असे. २०२२ च्या आरंभापासून तेले व स्निग्ध पदार्थांत त्याची मर्यादा दोन टक्क्यांवर आणलेली आहे, ही चांगली गोष्ट झाली, तथापि त्यामुळे खारी पथ्याची होत नाही.

येथे मराठवाड्यातल्या माणसाला बाहेरून काही आणण्याची गरजच नाही, हे मी जरा आग्रहाने सांगते. परभणीच्या कृषी विद्यापीठाने करडईचे ‘परभणी कुसुम’सारखे वाण दिले, आपल्या शेतांत करडई पिढ्यान्‌पिढ्या आहे, आणि तरीही घराघरात पामतेल शिरले. गुरुजींच्या घरी करडई आणि शेंगदाणा या दोन तेलांवर यायचे ठरले. पाच माणसांत महिन्याला सहा किलो तेल लागत होते, ते माणशी अर्ध्या लिटरच्या आसपास आणायचे ठरले, कारण तेल कोणतेही असले तरी त्याचे उष्मांक सारखेच असतात. शेंगदाण्याची चटणी मी त्यांना परत दिली आणि तिच्या जोडीला जवसाची. रोजच्या जेवणात हुलगे, मटकी, हरभरा किंवा तुरीचे घट्ट वरण, मेथी किंवा अंबाडीची भाजी आणि ज्वारीची भाकरी ठेवली. डाळी-कडधान्यांतला विद्राव्य तंतू आतड्यात पित्ताम्लांना धरून बाहेर नेतो, ती भरून काढण्यासाठी यकृताला कोलेस्टेरॉल खर्चावे लागते आणि त्यातून एलडीएल थोडे उतरते. दूध तापवून साय काढायची आणि चहा दोनदाच, साखर न घालता. मटणाच्या रविवारी बंदी घातली नाही. पंधरा दिवसांतून एकदा, चरबी काढून आणि रश्श्यावरचा तवंग बाजूला सारून, एवढेच ठरवले. कांदुरीला (नवसाच्या मटणाच्या जेवणाला) बोलावले तर माणसाने जाऊ नये असे सांगणारे पथ्य आपल्याकडे टिकत नाही.

इतके सगळे नीट केले, तरी आहारातून एलडीएल साधारण दहा ते पंधरा टक्के उतरते, हेही मी त्यांना तेव्हाच सांगितले. अ‍ॅटोरव्हास्टॅटिनच्या २० मिलिग्रॅमने ते तीस ते पन्नास टक्क्यांच्या दरम्यान उतरते. लसूण, अर्जुनाची साल आणि ओळखीच्या कोणीतरी दिलेली बिननावाची चूर्णे यांच्यावर विसंबून ही तफावत भरून निघत नाही. गुरुजींना खरा फायदा मिळाला तो तंबाखू सोडण्यातून, आणि तो लिपिड प्रोफाइलच्या (कोलेस्टेरॉलच्या तपासणीच्या) कागदावर मावणारा नव्हता. सकाळी उन्हाच्या आधी चाळीस मिनिटे चालण्याने ट्रायग्लिसराइड आणि साखर उतरायला मदत झाली. एलडीएलवर चालण्याचा परिणाम थोडाच असतो.

गोळीबद्दलची भीती मात्र पहिल्या भेटीत पूर्ण गेली नाही. शेजारच्या एका गृहस्थांचे स्नायू या गोळीने गेले, असे काकूंनी ऐकले होते. स्टॅटिनमुळे काहींना अंगदुखी होते, हे खरे आहे, परंतु ज्या चाचण्यांत रुग्णांना आपण औषध घेतो आहोत की बिनऔषधी गोळी हे माहीत नव्हते, त्यांत दोन्ही गटांतल्या लोकांनी जवळजवळ सारखीच अंगदुखी सांगितली. लघवीचा रंग गडद होणे किंवा मोठ्या स्नायूंत अकारण तीव्र दुखणे व अशक्तपणा येणे, ही लक्षणे दुर्मिळ असली तरी गंभीर असतात आणि त्यांत लगेच डॉक्टरांना गाठावे लागते. साखर किंचित वाढू शकते, परंतु त्यासाठी मधुमेहींनी गोळी सोडू नये, असेच तज्ज्ञ सांगतात. थायरॉइड कमी काम करत असेल तर एलडीएल वाढते आणि गोळीने अंग दुखण्याची शक्यताही वाढते, म्हणून त्यांची टीएसएच तपासणी झाली आहे का, हे मी विचारले. ती झालेली होती आणि ठीक होती. गोळी रात्रीच घ्यावी लागते या समजुतीने ती अनेकदा विसरली जात होती. अ‍ॅटोरव्हास्टॅटिन दिवसाच्या कोणत्याही ठरावीक वेळी चालते, हे डॉक्टरांकडून पक्के करून घेऊन ती सकाळच्या मधुमेहाच्या गोळीच्या जोडीला आणली.

गोळी आणि नवा आहार एकत्र सुरू होऊन तीन महिने झाल्यावर एलडीएल ७४ आणि ट्रायग्लिसराइड १५२ आले. गुरुजींनी या वेळी वेगळा प्रश्न विचारला, की इतके केल्यावर मात्रा तरी निम्मी होईल का. हा निर्णय माझा नसल्यामुळे मी त्यांना डॉक्टरांकडे पाठवले. लक्ष्य ७० च्या खाली असल्यामुळे डॉक्टरांनी मात्रा कमी केली नाही. स्टॅटिनची मात्रा दुप्पट करून एलडीएल आणखी सहाच टक्क्यांच्या आसपास उतरते, तर आतड्यातून होणारे कोलेस्टेरॉलचे शोषण रोखणारी इझेटिमाइबची गोळी जोडल्यास जवळपास वीस टक्के उतरते. म्हणून पुढच्या रिपोर्टमध्येही आकडा वरच राहिला तर ती जोडू, असे त्यांनी सांगितले. धाकट्या भावाच्या इतिहासामुळे गुरुजींच्या ३२ वर्षांच्या मुलाचीही तपासणी करून घेतली. त्याचे एलडीएल १३४ आहे, मधुमेह नाही, तंबाखू नाही; त्याला सध्या गोळी नाही, घरातले तेच जेवण आणि वर्षाने पुन्हा तपासणी आहे.