पहिल्या आखाजीनंतरची सहल

मावशी,

माझं सासर पाचोरा तालुक्यातलं. आम्ही पुण्यात, दीर सुरतला, नणंद धुळ्याला. सासरे जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवायचे. गाव त्यांना गुरुजी म्हणायचं, आम्ही अण्णा. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सगळे गावी जमलो की दोन-चार दिवसांनी अण्णा आम्हाला एसटीने कुठेतरी न्यायचे. पद्मालय, उनपदेव, मनुदेवी, पाटणादेवी, एका वर्षी तोरणमाळ. जागा धरणं, पाणी भरून घेणं, परतीच्या गाडीची चौकशी हे त्यांच्याकडे. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी सासूबाईंकडे. मागच्या कार्तिकात अण्णा गेले.

यंदा त्यांची पहिली घागर भरायची ठरली आहे. सहलीवरून मात्र घरात चार तोंडं चार दिशांना आहेत. नणंद म्हणते, अण्णांना आवडायचं त्या पाटणादेवीलाच जाऊ, हार घालून त्यांचा फोटोही नेऊ. दीर म्हणतात, गोव्याचं बुकिंग करतो, आईला जरा विसर पडेल. चुलत सासऱ्यांनी मला फोन करून सुनावलं, "वर्ष निघायच्या आत हिंडायला निघालात?" सासूबाईंचं एकच, "तुम्ही जा, मी घर सांभाळते." ह्यांच्याजवळ विषय काढला की हे उठून अंगणात जातात. धाकटी नऊ वर्षांची आहे, ती रोज विचारते, कधी निघायचं. थोरला चौदाचा. जो तो त्याला सांगतो, आता आजोबांच्या जागी तूच. तो म्हणतो, मला यायचंच नाही. मला स्वतःला जावंसं वाटतं, आणि तसं वाटलं की अपराध्यासारखं होतं. काय करू?

— थोरली सून, पुणे

अगं पोरी,

सहलीचं ठिकाण नंतर बघू. आधी सासूबाईंच्या त्या एका वाक्यापाशी थांबू या, कारण घरातल्या सगळ्यांनी ते ऐकलं आणि कुणीच ते उलगडून पाहिलेलं दिसत नाही. एसटीत दोघांच्या बाकावर इतकी वर्षं त्या अण्णांच्या शेजारी बसल्या. खिडकी कुणाची, डबा कधी उघडायचा, उतरल्यावर पिशव्या कुणी घ्यायच्या, हे त्या दोघांचं न बोलता ठरलेलं. आता सहलीला जायचं म्हणजे त्या बाकावर दुसऱ्या कुणाच्या तरी शेजारी बसायचं. तुम्ही सगळे जोडीने, मुलाबाळांसह. त्यांची जागा कुठली? "घर सांभाळते" म्हटलं की निदान एक काम तरी हाती राहतं.

आणखी एक गोष्ट असू शकते. नवरा गेल्यावर पहिलं वर्षभर बाईने कोपरा धरून बसायचं, ही रीत अजून गावोगाव शिल्लक आहे. बस स्टँडवर चार ओळखीचे भेटणार, त्यातली एखादी डोळ्यांनीच विचारणार, "निघालात का फिरायला?" कपाळाला काय लावलंय, साडी कुठल्या रंगाची नेसलीय, तेही बघून होणार. मला या रीतीचा मनापासून राग आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. पण ठराव झाला म्हणून स्टँडवरच्या नजरा बदलत नाहीत. बाजूला आपली माणसं उभी असली की त्या सोसता येतात.

म्हणून त्यांना सगळ्यांच्या देखत "आई, येणार ना?" असं विचारू नकोस. त्याला "नाही" हेच उत्तर येतं. दुपारी दोघीच घरात असाल, हाताला काहीतरी काम असेल, तेव्हा विचार, "आई, तुम्हाला कुठे जावंसं वाटतं? कुणाशेजारी बसाल? कशाची भीती वाटते?" आणि मग गप्प बस. रडल्या तर रडू दे, लगेच पाणी आणायला उठू नकोस. कदाचित गुडघ्यांचं दुखणं निघेल. कदाचित निघेल, की अण्णांच्या औषधपाण्यात दोन वर्षं घराबाहेर पाऊल पडलं नाही आणि आता उंबरा ओलांडायचंच अवघड वाटतंय. गुडघे असतील तर पायऱ्या नसलेली जागा निवडायची. उंबऱ्याची भीती असेल तर आधी संध्याकाळी मळ्यापर्यंत न्यायचं. कारण कळल्याशिवाय आग्रह करण्यात काही अर्थ नाही.

त्या आल्या तर त्यांच्या मांडीवर नातवंडं देऊन तुम्ही मोकळे होऊ नका, एवढं पथ्य सगळ्या सुना-लेकींनी पाळा. आणि अगदी नाहीच म्हणाल्या तर तो नकार खरा माना. अशा वेळी त्यांची बहीण किंवा भावजय दोन दिवस राहायला बोलवा आणि तुम्ही सकाळी जाऊन रात्री परत या.

आता चुलत सासऱ्यांचं. सुतक दहा दिवसांचं, तेरावं झालं की घर व्यवहाराला मोकळं होतं. वर्षभर सण गोडाधोडाने न करणं, मंगलकार्य टाळणं हा ज्या त्या घराचा आणि समाजाचा रिवाज. तो पाळायचा तितका पाळा, मी त्याला हात लावत नाही. पण याच रिवाजाची दुसरी बाजू अशी, की घरात लग्नाची मुलगी असेल तर हीच वडीलधारी मंडळी म्हणतात, "वर्षाच्या आत उरकून टाका, नाहीतर तीन वर्षं थांबावं लागेल." मांडव घालायला चालतो, तर आजोबांच्या नातवंडांना एक दिवस झाडाखाली बसून डबा खायला का चालू नये? हे तू त्यांच्याशी वाद घालून सिद्ध करायला जाऊ नकोस. ते तुझ्या नवऱ्याचे काका आहेत, फोन त्याने करायचा. "काका, आईला घेऊन एक दिवस जाऊन येतोय, तुम्हीही चला," एवढं त्याने म्हणावं. कदाचित येतीलही. त्यांचाही भाऊच गेलाय गं. पाठच्या भावाचं दुःख कुणी विचारत नाही, मग ते असं सुनेवर निघतं.

तू खानदेशची सून आहेस, म्हणून आखाजीचं थोडं बोलते. त्या दिवशी सकाळी घागर भरतात, वर खरबूज ठेवतात, आंबा आणि सांजोरी ठेवतात, विस्तवावर पितरांच्या नावाने आगारी टाकतात. पुरणपोळी, आमरस. त्या वेळी घरातल्या म्हाताऱ्या माणसांचे डोळे भरलेले असतात. आणि त्याच दिवशी, त्याच गावात निंबाच्या झाडांना झोके बांधलेले असतात, माहेरवाशिणी गौराईची गाणी म्हणत झोके घेतात, पोरं आरडाओरडा करत असतात. सकाळी ज्या सुनेने सासऱ्यासाठी पान वाढलं, ती दुपारी झोक्यावर खळखळून हसते आणि तिला कुणी नाव ठेवत नाही. तुमच्या भागाने गेलेल्या माणसाचा दिवस आणि लेकीबाळींच्या मौजेचा दिवस एकाच तिथीला ठेवलाय. जावंसं वाटतं म्हणून तू अपराधी होतेस, तेव्हा हे आठव. तुझ्या सासरच्या पिढ्यांनी दोन्ही एकत्र केलंय आणि त्यांचं पितरांवरचं प्रेम काही उणं नव्हतं.

अण्णाही आखाजी झाल्यावरच सहल काढायचे. तो क्रम तसाच ठेवा. घागरीच्या दिवशी फक्त अण्णा. फोटो पाटावर मांडा, हार घाला, नणंदेला पोटभर रडू दे, ती लेक आहे. म्हणून ती सहलीतही फोटो मागते. तिला कुणी "पुरे आता" म्हणू नका. पण हार घातलेला फोटो एसटीत मांडीवर घेऊन दिवसभर फिरणं सासूबाईंना झेपेल का, हे तिला हळूच विचार. मला वाटतं, नाही झेपणार. त्याऐवजी तिने अण्णांची रोजच्या वापरातली एखादी वस्तू घ्यावी. पाण्याची बाटली घ्या, टोपी घ्या, पिशवी घ्या. त्यातूनच पाणी प्या, त्यातच डबे भरा.

ठिकाण म्हणशील तर नणंदेचं म्हणणं मला पटतं, पाटणादेवीच. चाळीसगावहून जवळ आहे, दिवसात जाऊन येता येतं. आणि गणिताच्या मास्तरांच्या घराला तिथे जायला वेगळं कारण आहे. अण्णांनी मुलांना थोर गणिती भास्कराचार्यांबद्दल तिथे सांगितलंही असेल. पाटणादेवीच्या त्या पाटण गावी एक शिलालेख सापडला, शके ११२८ चा, म्हणजे इसवी सन १२०७ च्या सुमाराचा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाच्या दरबारी ज्योतिषी होता. या चांगदेवाने आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून तिथे मठ काढला आणि त्याला दान मिळालं, ते त्या लेखात कोरलेलं आहे. आठशे वर्षांपूर्वी एका नातवाला आजोबांची आठवण ठेवायची होती, तर त्याने त्यांचं शिकवणं चालू राहील अशी सोय केली. हे तुझ्या मुलांना तिथे उभं राहून सांग. नवऱ्याने सांगितलं तर उत्तमच.

पण थोरल्याला उद्देशून सांगू नको. त्या पोराची मला फार काळजी वाटते. चौदा वर्षांच्या मुलाला "आता आजोबांच्या जागी तूच" हे प्रेमाने म्हटलं जातं, पण त्याला ऐकू येतं ते असं, की आता त्याने रडायचं नाही, जागा धरायच्या, आजीला सांभाळायचं आणि अण्णांइतकं चांगलं करायचं. तो येत नाही म्हणतोय ते त्या ओझ्याला. त्याला स्वच्छ सांग, "आजोबांच्या जागी कुणीच नाही. तू नातू आहेस, नातूच राहा." आणि जे पाहुणे हे वाक्य बोलतील त्यांना तिथल्या तिथे थांबव, त्याच्यासमोर. जागा धरायचं काम तू घे, परतीच्या गाडीची चौकशी दीरांनी करावी, पाणी नणंदेच्या यजमानांनी भरावं. अण्णा एकटे जे करत होते ते तिघांत वाटलं की एकाच्या मानेवर बसत नाही. मग थोरला आपणहून काही उचलेल. नाही उचललं तरी चालेल.

धाकटीला "कधी निघायचं" याचं उत्तर तारखेसह दे. मुलांना उत्तर मिळालं नाही की ती स्वतःलाच दोष देतात, आपण विचारलं म्हणून मोठे उदास झाले असं त्यांना वाटतं. वाटेत ती म्हणेल, "इथे आजोबा उसाचा रस द्यायचे." त्या वेळी गाडीत एकदम सगळे गप्प होऊ नका. थांबा आणि रस घ्या.

नवऱ्याबद्दल तू एकाच ओळीत लिहिलंस, पण तुझं दुखणं तिथेच जास्त आहे असं मला वाटतं. बाप गेल्यावर थोरल्या मुलावर तेराव्यापासून सातबाऱ्यावरच्या वारसनोंदीपर्यंत सगळं येतं, आणि ते उरकेपर्यंत शोक करायला त्याला सवड मिळत नाही. तो अंगणात जातो तेव्हा त्याच्या मागे जा. सहलीचा विषय काढू नको. "अण्णांची कुठली सहल तुम्हाला सगळ्यात आवडली?" एवढंच विचार. तोरणमाळ म्हणाले तर घाटात काय झालं होतं ते विचार. ज्याला निर्णय विचारला की तो उठून जातो, त्याला आठवण विचारली की तो बसतो, असं मी पुष्कळ घरांत पाहिलंय. हे दोन-तीन संध्याकाळी झालं की काकांना फोन करायचं काम त्यांच्याकडे दे.

आता उन्हाचं. मे महिन्यात जळगावचा पारा ४४-४५ च्या घरात असतो, तेव्हा पहाटेची गाडी धरा आणि अकराच्या आत देवीचं दर्शन उरका. चाळीसगावपर्यंत एसटी, बायकांना २०२३ पासून अर्धं तिकीट आहेच. पुढे गाडी ठरवून घ्या, सासूबाईंना उन्हात स्टँडवर ताटकळत ठेवू नका. दशम्या या वेळी त्यांनी एकट्याने करायच्या नाहीत. पीठ दुधात त्यांनी मळावं, लाटायला तू आणि नणंद बसा. अण्णांच्या नावाची एक जास्त करायची का, हे त्यांनाच विचार. हो म्हणाल्या तर करा, आणि ती वाटेत भेटेल त्या भुकेल्याला द्या.

दीरांवर रागावू नकोस. "आईला विसर पडेल" हे त्यांचे शब्द चुकले, पण आईला जरा बरं वाटावं हीच त्यांची धडपड आहे. इतक्या लवकर हॉटेलातल्या परक्या खोलीत सासूबाईंना एकटं झोपायला लावू नये, म्हणून मी यंदाच्या मे महिन्यात गोवा नको म्हणते. त्यांचं बुकिंग कार्तिकात वर्षश्राद्ध झालं की डिसेंबरच्या सुट्टीसाठी करू द्या. फक्त त्याआधी त्यांनी स्वतः आईजवळ बसून विचारावं, समुद्र बघायचाय का, आणि खोलीत सोबतीला कोण हवं.

— मावशी