खणाचे पडदे? आधी पन्हा बघा

नव्या घराला खणाचे पडदे लावायचे म्हणताय, हौस छान आहे. पण मी तरी खण खिडकीत लावणार नाही. कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा खण मुळात चोळीसाठी विणलेला, त्यामुळे पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, कमी. पडद्याला जोड द्यावे लागतात आणि काठ भलत्याच जागी येतात. शिवाय त्यातलं रेशीम किंवा रेयॉन उन्हात विटतं. खण उशांच्या अभ्र्यांना ठेवा, फार तर टेबलावर एक पट्टी.

पडद्याला जाडसर सुती कापड घ्या. खिडकी ४ फूट रुंद असेल तर कापडाची रुंदी ८ फूट तरी हवी, नाहीतर चुण्या पडत नाहीत आणि खिडकीत चादर वाळत घातल्यासारखं दिसतं. हातमागाचं सुती आटतं, म्हणून शिवायच्या आधी पाण्यातून काढा. शिंपी घाई करेल, ऐकू नका. पश्चिमेच्या खिडकीला अस्तर लावाच, रंगही टिकतो.

दिवाणावर सोलापुरी चादर बिनधास्त टाका. जॅकार्डची, म्हणजे मागावरच विणलेली, नक्षी दोन्ही बाजूंनी असते, फक्त रंग उलटे. एक बाजू मळली की पलटायची! मुंबई-कोकणात राहत असाल तर मखमल मात्र नको, पावसाळ्यात कुबट वास धरते.